पिवळी वायर

आमच्या कारखान्यातलं जुनं कंट्रोल पॅनल बदलायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता. अठ्ठावीस वर्षं मी त्या लोखंडी कपाटाची उस्तवार केली. त्यातला कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने तो बनवणं केव्हाच सोडून दिलं होतं. सुटे भाग मिळेनात, म्हणून बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारातून आम्ही कार्डं शोधून आणायचो. प्रोग्रॅम एका फ्लॉपीत, आणि ती फ्लॉपी वाचणारा एकमेव कॉम्प्युटर साहेबांच्या केबिनमध्ये रद्दीखाली. गेल्या वर्षी तीनदा सगळी लाइन बंद पडली, तिसऱ्यांदा भट्टीत फरशा अडकून फुटल्या, तेव्हा कुठे वरच्यांचे डोळे उघडले. मी इथला इलेक्ट्रिकल फोरमन. बदला, बदला म्हणून घसा कोरडा करणारा मीच. आणि मंजुरीचा कागद आला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण सरळ आहे, आता लपवून उपयोग नाही. पॅनल बदलायचं म्हणजे त्यातली एकूण एक वायर उजेडात येणार, आणि त्यात, खालून तिसऱ्या पट्टीवर, माझी एक वायर होती.

आम्ही फरशा बनवतो. मातीची भुकटी साच्यात पडते, वरून प्रेस येते आणि भुकटीची फरशी होते. मिनिटाला चौदा वेळा. साच्याला माती चिकटली की प्रेसवाला समोरचं जाळीचं दार उघडून खरवडून काढतो. दाराला एक छोटं स्विच असतं. दार उघडलं की स्विच सुटतं आणि प्रेस जागच्या जागी थांबते. पण मातीची धूळ काय, कुठेही शिरते. ती स्विचमध्ये गेली की दार बंद असतानाही प्रेस थांबते, उगाचच, पुन्हा पुन्हा. अशा वेळी आम्ही पॅनलमध्ये एक वायर टाकून त्या स्विचला वळसा घालायचो. मग दार उघडं असो की बंद, प्रेसला ते बंदच वाटणार. हे करू नये असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला भट्टी चालवायची नसते. आमचा आपला एक रिवाज होता. वळशाची वायर पिवळीच घ्यायची, आणि तिचाच एक तुकडा प्रेसच्या दाराच्या कडीला बांधायचा. कडीला पिवळं दिसलं की प्रेसवाला समजायचा, आज दारावर भरवसा नाही, मेन बटण बंद करूनच हात घालायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी पाळी सुरू झाल्यापासून प्रेस सात वेळा थांबली. भट्टी रिकामी जायला लागली. अकरा वाजता मी पिवळी वायर टाकली, एक तुकडा कापून खिशात घातला आणि कडीला बांधायला निघालो. वाटेत भट्टीवरून हाक आली, तिथला पंखा बंद पडला होता. मी तिकडे वळलो. तुकडा खिशातच राहिला.

दीड वाजता प्रेसवाल्याने दार उघडलं आणि उजवा हात आत घातला. अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं, बाकीची तीन गेली. तो प्रेसवाला म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ. त्याला या नोकरीला मीच चिकटवला होता.

खरी लाज याच्या पुढे आहे. माणसं त्याला उचलायला धावली आणि मी पॅनलकडे धावलो. पिवळ्या वायरीचं एक टोक सोडवलं, त्याला टेप गुंडाळली, वायर मागे खुपसली आणि मग त्याच्याकडे गेलो. तासाभराने चौकशी झाली. साहेबांनी दहा वेळा दार उघडून बघितलं, दहाही वेळा प्रेस थांबली. मेहुणा दवाखान्यातून सांगत होता की आपण दार उघडलं होतं. पण दहा वेळा डोळ्यांनी बघितल्यावर त्याचं कोण ऐकणार? घाईत दार न उघडता त्याच्यावरूनच हात घातला, असा निष्कर्ष निघाला आणि कागदावर शिक्का बसला.

लाइन इनचार्ज होणार होता, त्याला गेटवर बसवलं. दोन-तीन वर्षं तो दार उघडलं होतं, दार उघडलं होतं म्हणत राहिला. मग म्हणेनासा झाला. पुढे स्वतःच सांगायला लागला, की त्या दिवशी आपलं डोकं ठिकाणावर नसणार, वरूनच हात घातला असणार. आता नवी माणसं कामावर आली की सुरक्षेचा धडा द्यायला त्यालाच बोलावतात. तो हात वर करून म्हणतो, मूर्ख माणूस कसा दिसतो ते बघून घ्या. लोक हसतात. सगळा कारखाना त्याला मास्तर म्हणतो. मी त्या तासाला कधी बसलेलो नाही.

ती वायर काढून टाकायला मला एकोणीस वर्षं मिळाली होती. एक स्क्रू, अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या पट्टीवर बॅटरीचा उजेड पडला की माझा हात पुढे जात नसे. तिथलं काम निघालं तर हाताखालच्या माणसाला पाठवायचो आणि लांबून ओरडायचो, मागच्या वायरींना हात लावू नकोस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नवी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीने एक प्रोग्रामर बाई पाठवल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला वाघ. वायरींचा नकाशा गुडघ्यावर ठेवून त्या पॅनलसमोर फतकल मारून बसायच्या आणि एकेक वायर हाताने चाचपत टोकापर्यंत जायच्या. नकाशात सापडली की हिरवी खूण. नाही सापडली की वेगळ्या यादीत, आणि ती वायर कशासाठी होती हे जुन्या माणसाने सांगून पुढे सही करायची, असा त्यांचा नियम. सह्या करून करून माझी बोटं दुखली. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. टेप गुंडाळलेलं टोक त्यांच्या हातात होतं.

पिवळी म्हणजे तुमच्याकडे तात्पुरती वायर ना, असं त्यांनी विचारलं. प्रेसवाल्यांशी गप्पा मारून त्यांनी आमचा रिवाज शिकून घेतला होता. मी म्हटलं, कधीची तरी असेल, निरुपयोगी आहे, टाकून द्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. यादीत 'निरुपयोगी' लिहिलं, मी सही केली, वायर कचऱ्याच्या गोणीत गेली. इतकं सोपं होतं ते. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि सुटलो, असं स्वतःला दोनदा सांगितलं. सुटलेल्या माणसाला असं सांगावं लागत नाही, हे काही मला कळत नव्हतं अशातला भाग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. नवा प्रोग्रॅम कसा चालावा ते ठरवायचं होतं. प्रॉडक्शन मॅनेजर, बाई आणि मी, तिघंच. मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्याला थांबलेली प्रेस बघवत नाही. तो म्हणाला, धुळीमुळे दाराचं स्विच अजूनही मधूनमधून सुटतं आणि पाळीत पाच-सहा वेळा प्रेस उगाच थांबते. नव्या यंत्रणेत सगळं करता येतं म्हणतात, तर एवढं करा, दाराचा सिग्नल गेला तरी प्रेसने दोन सेकंद दुर्लक्ष करायचं. दार खरंच उघडलं असेल तर दोन सेकंदांनी थांबेलच की.

बाईंना ते पटलं नाही. जुने अपघात किती, असं त्यांनी विचारलं. मॅनेजरने फाइल आणलीच होती. अठ्ठावीस वर्षांत या प्रेसवर एकच अपघात, आणि तोही त्या माणसाने दारावरून हात घातला म्हणून. दार कधीच फसलेलं नाही. त्याने फाइल माझ्याकडे सरकवली. "फोरमन, तुम्ही तर तेव्हापासून आहात. बरोबर आहे ना?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला हे करायचं नाही. पण नाही म्हणायला मला कारण लागेल, आणि फाइल यांच्या बाजूने आहे."

 दोन सेकंद. तेवढ्यात हात आत जातो आणि प्रेस येते. माझी वायर निदान पिवळी होती, शोधणाऱ्याला सापडली असती. ही प्रोग्रॅममधली वायर कोणाला दिसणार नव्हती, आणि ती बसवायला पुरावा म्हणून माझंच खोटं टेबलावर ठेवलं होतं. शिक्क्यासकट. मेहुण्याच्या जागी आता दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ उभा राहणार होता.

"दार एकदा फसलं आहे," मी म्हणालो. "फसवलं मी."

मग सगळं सांगितलं. पंखा, खिशातला तुकडा, टेप. सांगताना मी बाईंकडे बघत होतो, कारण मॅनेजरकडे बघवत नव्हतं.  तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, झाकली मूठ झाकलेलीच बरी, आपण ते दोन सेकंद असेही सोडून देऊ, असं त्याने मला सुचवलं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण बाईंनी कालची यादी काढून 'निरुपयोगी'वर रेघ मारली होती आणि त्या माझ्यासमोर कागद धरून थांबल्या होत्या. मी वायर कशासाठी टाकली ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि पुन्हा सही केली. बाईंनी दोन सेकंदांची नोंद खोडली.

एकदा का कागदावर आलं की कारखान्यात बातमीला पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत ती गेटवर पोचणार होती, आणि गेटवरच तो बसतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला कळलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्याची पाळी चारला सुटते आणि तो आमच्याकडे चहाला येतो. राहतोही आमच्याच वरच्या मजल्यावर. मी सवाचारला उरलेल्या वेळेची सुट्टी टाकून निघालो.

घरी आलो तेव्हा तो खुर्चीत पेपर वाचत होता. बायको आत भांडी लावत होती. दाजी, आज लवकर, एवढंच तो म्हणाला. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. माफ कर म्हणायचं ठरवून आलो होतो, ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

तो रागावेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. यावा असंही वाटत होतं. तो हळूच उठला. डोळे मिटून त्याने डाव्या हाताने समोर हवेत काहीतरी बाजूला सारलं, आणि मग उजवा हात पुढे केला. पुन्हा एकदा तसंच केलं.

"म्हणजे मी दार उघडलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आधी दार, मग हात."

"हो."

तो खाली बसला. "बोटांचं सोडा, दाजी. कारखान्यात माणसांची बोटं जातात. मला ते दार उघडताना दिसायचं. कडी हाताला लागलेली आठवायची. आणि सगळे म्हणायचे, उघडलंच नाहीस. मला वाटलं, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. कुठलीही गोष्ट धड आठवली तरी मी स्वतःवर विश्वास ठेवायचो नाही. घराला कुलूप लावून चार वेळा परत येतो मी, माहीत आहे तुम्हाला? तुम्हीच हसता मला त्यावरून."

हसायचो. सगळेच हसायचो.

आतल्या भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. बायको दारात उभी होती. तिने किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. ती येऊन भावासमोर जमिनीवरच बसली. अपघाताचा विषय निघाला की ती अजूनही त्याला टाकून बोलते, एवढा काय रे धांदरटपणा म्हणून. 

"तू मला दवाखान्यात सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो, ताई."

"आणि मी म्हणाले, खोटं बोलू नकोस. चूक झाली ना, मग कबूल कर."

 मग ती माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा तिथेच होतात."

मी तिथेच होतो. त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून त्याच्यासाठी सफरचंद कापत होतो. ती त्याला खोटारडा म्हणाली तेव्हा मी मान वर केली नाही. फोडी बशीत नीट लावल्या आणि बशी त्याच्या डाव्या हाताशी सरकवली.