घड्याळजींच्या जागेतली वाट

आमचं घर मागे, घड्याळजींचं पुढे. आमच्या दारातून रस्त्यावर जायचं तर त्यांच्या कुंपणालगतची चढाची वाट धरावी लागते, आणि ती जमीन त्यांची. या वाटेपायी ते आणि माझे सासरे अर्धं आयुष्य भांडले. शेवटी वकीलबाई कंटाळून म्हणाल्या, तडजोड तुम्हीच सांगा, मी लिहून घेते.

तिथेच घात झाला. घड्याळजी म्हणाले, मागच्या घराच्या मालकानं रोज सकाळी स्वतः वाहनात बसून वाट वापरली तरच हक्क राहील; एक दिवस चुकला की फाटक कायमचं बंद. सासऱ्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवलेली. त्यांनी ताठ मानेनं सही ठोकली. नवरा जहाजावर, मी भट्टीपाशी. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी घरात केक करते आणि ते न्यायला टेम्पो याच वाटेनं येतो. फाटक बंद झालं तर माझा धंदा बसला. पण एवढा विचार करायला या दोघांना सवड कुठली?

पुढे गाडीनं मान टाकली. सासऱ्यांनी नाही टाकली. रोज सकाळी ते चालकाच्या जागी बसत, आरसा नीट करत, पट्टा लावत, आणि मी पदर खोचून गाडी मागून ढकले. घड्याळजी कुंपणापाशी खुर्ची टाकून, डोळ्याला भिंग लावून पहारा देत. बायको गेल्यापासून त्यांना दुसरं काम तरी काय होतं? गाडीत हॉर्न तेवढा जिवंत होता; आंधळ्या वळणावर सासरे तो वाजवत. त्या आवाजानं डोकं उठतं अशी घड्याळजींची जुनी तक्रार होती, म्हणून ते दोनदा वाजवत.

मग सासरे मोरीत घसरले. पाय प्लास्टरमध्ये, उठून बसायचीही बंदी. दवाखान्यातला असतो तसला चाकांचा पलंग भाड्यानं आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छताकडे बघत पडून होते. मला त्यांचा राग आला, मग त्या सहीचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. टेम्पोवाल्याला आता काय सांगायचं?

तेवढ्यात घड्याळजी दारात. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडला. फाटकाला कुलूप लावल्याचं सांगायला आले असणार, असं मी धरून चालले. ते वाकले, भिंग लावलं आणि पलंगाखाली बघितलं.

"चाकं आहेत. मालक वर आहे," ते म्हणाले. "म्हणजे वाहन झालं."

सासऱ्यांना ते पटेना. स्टिअरिंग नाही ते वाहन कसलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी कपाळावर हात मारला, पाना शोधला आणि झटापट करून गाडीचं स्टिअरिंग काढून आणलं. ते छातीवर धरून, पोटावर चादरीचा पट्टा बांधून सासरे निघाले. पलंगाची बारकी चाकं चढावर मातीत रुतायला लागली, गाडीसारखा तो मला एकटीला रेटेना. घड्याळजींनी बाह्या सावरल्या आणि माझ्या शेजारी हात लावला.

"काका, आज नुसते खुर्चीत बसला असतात तरी जिंकला असतात," मी म्हटलं.

त्यांना धाप लागली होती. "जिंकून करू काय? घरात ढीगभर घड्याळं आहेत. पण सकाळ झाली हे मला याच्या हॉर्ननं कळतं."

सासऱ्यांनी ऐकलं असावं. वळण आलं तसा त्यांनी हात वर करून पलंग थांबवला.

"हॉर्न."

हॉर्न कुठला? तो मेलेल्या गाडीतच राहिला होता. वर रस्त्यावर माझा टेम्पो येऊन उभा. मी विनवण्या केल्या, पण आंधळ्या वळणावर हॉर्नशिवाय ते जन्मात गेले नव्हते.

घड्याळजींनी इकडेतिकडे बघितलं. मग तोंड उघडून म्हणाले, "पीं."

"दोनदा," सासरे म्हणाले.

घड्याळजींनी पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी भिंग काढून डोळे पुसले. सासरे स्टिअरिंग धरून थांबून राहिले, आणि दुसरा हॉर्न मग मीच दिला.