परातीतला हात

ओनेसिमाच्या घरी डुक्कर कापलं जायचं, तेव्हा रक्ताची परात ओनेसिमाशिवाय कुणाच्या हाती जात नसे. गळ्यातून आलेलं ऊन ऊन रक्त हाताने ढवळत राहायचं, थांबायचं नाही. थांबलात की ते गोठलं, आणि मग कांदा-भात भरलेल्या मोर्सियाची काळी सॉसेजं त्या वर्षापुरती विसरायचीच. तिच्या घरचं रक्त कधी गोठलं नव्हतं आणि हे ती गावालाही विसरू देत नव्हती.

सून इरात्शे बिल्बाओची. शहरातली म्हणून तिला परातीच्या आसपास फिरकू दिलं जात नसे. कांदे सोल, आतडी धू, भांडी घास, एवढ्यावर तिची बोळवण. पण यंदा द्राक्षं काढायच्या सुमारास ओनेसिमाचा उजवा हात गेला. बोटं वळेनात, चमचा धरवेना. घराबाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता, कारण बाहेर पडताना ती तो हात एप्रनच्या खिशात खुपसून ठेवी. तेवढ्यात 'आपल्या मातीचं ताट' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाची माणसं या बुर्गोस भागातली मोर्सिया दाखवायची म्हणून गावात आली आणि म्हातारीला आयतं निमित्त मिळालं.

"टीव्हीला तरणं तोंड लागतं," तिने शेजारच्या प्रिस्किलाला सांगून टाकलं. "यंदा सून ढवळेल."

आत मात्र तिने इरात्शेचा दंड धरला. "आभाळ कोसळलं तरी हात बाहेर काढायचा नाही, कळलं? परात घेतलीस म्हणजे या घरची झालीस."

इरात्शे लग्न झाल्यापासून याच वाक्याची वाट बघत होती.

त्या सकाळी अंगणात बर्फाचा पापुद्रा धरला होता. घरच्या पुरुषांनी डुक्कर बाकावर दाबून धरलं, बायका आत कांदे चिरत नाकं ओढत होत्या. पहिली धार परातीत पडली आणि इरात्शेने कोपरापर्यंत हात घातला. बोटांना तंतू गुंडाळायचे, ती ते ओढून टाकायची, पुन्हा ढवळायची. जमत होतं. आपल्याला हे जमतंय याचा तिला इतका आनंद झाला की तिला थंडीही वाजेना.

तेवढ्यात कार्यक्रमाचा निवेदक ब्रुनो नवाकोरा मफलर सावरत पुढे वाकला. "इरात्शे, जरा वर बघा ना! काय वाटतंय, सांगा. आणि हात दाखवा तो, काय रंग आलाय!"

तिने हात वर केला. सासूकडून सुनेकडे येणाऱ्या वारशाबद्दल छान बोलली. आवाज टिपणाऱ्याने नकारार्थी मान हलवली. "पुन्हा एकदा. हात तसाच राहू द्या." ती पुन्हा बोलली, आधीपेक्षाही छान, वर हसलीसुद्धा. आता टीव्हीत दिसायचं म्हटल्यावर कुणाला भान राहतं?

हात परातीत परत गेला तेव्हा त्याला खरवसासारखं काहीतरी थरथरतं लागलं.

ओनेसिमाने पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डाव्या हाताने परातीवर फडकं टाकलं, "आता याला गारव्यात ठेवायचं असतं," असं ब्रुनोला ठोकून दिलं आणि मुलाला, फेर्मिनला, मागच्या दाराने पलीकडच्या गावी खाटकाकडे पिटाळलं. टीव्हीवरच्या मोर्सियात परक्या डुकराचं रक्त भरलं गेलं आणि ब्रुनोने ती डोळे मिटून खाल्ली. बिचाऱ्याला काय कळणार! गोठलेलं रक्त ओनेसिमाने कांद्यावर परतलं आणि घरच्यांनी ते मुकाट्याने संपवलं. त्यानंतर ती सुनेशी मिठाबद्दल आणि सरपणाबद्दल तेवढं बोलायची. परात तिने कपाटावर चढवून ठेवायला लावली, इरात्शेचा हात पोचणार नाही अशी.

कार्यक्रम लागला त्या रविवारी अख्खं गाव बारमध्ये जमलं. पडद्यावर इरात्शेचा चेहरा आला, तिचा लाल हात आला. ती बोलत होती, बोलतच होती.

"अगं ओनेसिमा," प्रिस्किला म्हणाली, "हिचा हात तर मघापासून वरच आहे. मग खाली रक्त कोण ढवळतंय?"

बायकांना प्रश्न लगेच कळला, पुरुषांना जरा उशिरा. धरणीने पोटात घ्यावं असं इरात्शेला झालं. कबूल करून टाकावं म्हणून तिने खुर्ची मागे सरकवली.

"मी," ओनेसिमा म्हणाली. "कोण म्हणजे काय? चित्रात नाही आलं, पण हिच्या हाताखाली माझा हात होता. आमच्या घरचं रक्त मी वाऱ्यावर सोडेन होय?"

"तरीच!" प्रिस्किलाने भराभर वाईन ओतली आणि एक ग्लास ओनेसिमाच्या उजव्या बाजूला ठेवला. "चला, उचला! ओनेसिमाच्या हाताच्या नावाने!"

सगळ्यांचे ग्लास वर गेले आणि तिच्यासाठी थांबले. ओनेसिमाने खिशातून हात काढला. बोटं ग्लासला लागली, पण मिटली नाहीत. आपल्यासाठी या बाईने काय पणाला लावलंय, ते इरात्शेला तेव्हा कळलं आणि तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. तिने आपला हात सासूच्या हाताखाली घातला, ती थंडगार बोटं आपल्या बोटांनी ग्लासभोवती आवळली आणि तो उचलला. दोघींच्या बाह्यांवर वाईन सांडली.

प्रिस्किलाची नजर त्या दोन हातांवर खिळली. तिचा ग्लास ओठांपाशीच राहिला. बारमध्ये कुणीच पीत नव्हतं.

"प्या की आता," ओनेसिमा करवादली. "पोरीचा हात अवघडलाय."