पहिला घोट

सदर भागातल्या पाण्याच्या टाकीवर सरकारी नियम होता: तपासनिसाने रांगेसमोर पहिला ग्लास प्यायचा, मगच नळ सुटायचा. आज सतरा वर्षांच्या तपासनीस विनीताच्या परीक्षानळीतलं पाणी लालभडक झालं. म्हणजे विषारी.

"पी ना बेटा, काहून थांबून राहिली?" अधिकारी श्रीरंगजी दबक्या आवाजात म्हणाले. "एका ग्लासाने कोणी मरत नाही."

"अन् ही लेकरं रोज पितील, त्यांचं काय?"

नकार देणाऱ्या तपासनिसाला शहराबाहेर उन्हात हाकलून देत, हे तिला ठाऊक होतं. पण संताप आवरेना. तिने ग्लास श्रीरंगजींच्याच तोंडापुढे धरला आणि ओरडली, "चलो, आज तुम्ही प्या!"

श्रीरंगजी मागे सरले. रांगेने ते पाहिलं. शिपाई विनीताला धरायला धावले, तेव्हा बायका बादल्या उगारून तिच्यापुढे उभ्या होत्या.