गाभण माद्यांचे देणे

नवराबायको विभक्त होतात तेव्हा घरातील भांडी, अंथरुणे आणि भिंतीवरची घड्याळे वाटली जातात. परंतु ज्यांचे घर चार पायांवर चालते त्यांची वाटणी कुंपणापाशीच व्हावी लागते. राउना आणि इस्साट यांची वाटणीही तशीच, ऑक्टोबर सरताना पठारावरच्या कुंपणाशी ठरली. रेनडिअरचा कळप उन्हाळी कुरणांवरून खाली उतरला होता. जमीन गोठून कठीण झाली होती, आणि दुपारच्या त्या थोड्याशा उजेडात काम उरकणे भाग होते.

दोघांत वैर नव्हते. दोन्ही मुली आपापल्या संसाराला लागल्या, आणि एका वसंतात राउनाच्या ध्यानी आले की आपण नवऱ्याशी आता केवळ कुत्र्यांविषयी बोलतो. त्याच सुमारास समुद्राकडच्या तिच्या भावाचे गुडघे निकामी झाले. माहेरच्या कुरणाला माणूस हवे होते. इस्साटला आपल्या बापाचे पठार सोडणे शक्य नव्हते, आणि तिने तसे कधी सुचवलेही नाही. कायद्याने नेमून दिलेले एक वर्ष दोघे वेगळे राहिले. त्या वर्षात राउनाला पुन्हा गाढ झोप येऊ लागली. इस्साट बरा स्वयंपाक शिकला. भेटले की दोघे पूर्वीपेक्षा अधिक हसत.

मालमत्तेचा प्रश्न तसा सोपा होता. राउना लग्नात आपल्या खुणेच्या माद्या घेऊन आली होती. डाव्या कानाच्या टोकाला दुहेरी खाच, उजव्याच्या मागच्या कडेला अर्धचंद्र. पाडस ज्या मादीच्या मागे चालते तिचीच खूण त्याच्या कानावर कापली जाते. म्हणून इतकी वर्षे दोघांची जनावरे एका कळपात चरली, एका नदीत पोहली, तरी साखर पाण्यात विरघळावी तशी एकमेकांत विरघळली नाहीत. तिचे स्त्रीधन तिच्या नावानिशी डोंगरभर हिंडत होते. ते कोणी मागितले नव्हते, आणि मागणारही नव्हते.

अडचण होती ती कर्जाची.

सकाळी कुंपणाजवळच्या तंबूत चूल पेटली होती. इस्साटची आई सुन्ना मोठ्या काळ्या किटलीत कॉफी उकळत होती. सुनेचे लग्न मोडते आहे हे तिने ऐकले होते. परंतु त्यामुळे सूनही मोडीत निघते, असे तिला वाटत नव्हते. कोरलेल्या लाकडी पेल्यांत तिने रीतीप्रमाणे सुक्या मांसाचे काप टाकले, वर कॉफी ओतली आणि पहिला पेला राउनाच्याच हाती दिला. समोर सीरे बसली होती. वाटणीचे काम पाहणारी ती वकील. दोन्ही घरांशी दुरून नाते असलेली, शहरात शिकून परत आलेली मुलगी.

सीरेने घसा खाकरला. "काका, ते कळपाचं… म्हणजे साधारण…"

"साधारण काय?" इस्साट म्हणाला.

"साधारण… बरं चाललंय ना?"

"झाडाच्या अलीकडेही आहेत, पलीकडेही आहेत."

"ओस्लोला शिकायला धाडली होती ना हिला?" सुन्ना किटलीकडे बघतच म्हणाली. "तिथं काय दुसऱ्याच्या खिशात हात घालायला शिकवतात?"

"आजी, मी कुठं विचारलं? कायदा विचारतोय."

"मग कायद्याला म्हणावं, बाहेर थांब. कुत्र्यांपाशी."

सीरे ओशाळून हसली. जनावरांचा आकडा विचारणे हे किती अशिष्ट, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिच्या बापाचा कळप किती मोठा आहे हे तिने स्वतः कधी विचारले नव्हते. मग ती भराभर बोलली. "बरं, ऐका. लग्नाआधीचं ज्याचं त्याचं. ते कानांवरच कापलेलं आहे, त्यात मला काही कामच नाही. गावातलं घर आजीच्या नावावर, तेही सुटलं. राहिलं चाऱ्याचं कर्ज. त्यावर दोघांच्या सह्या आहेत. तुमच्यात वेगळं काही ठरलं नाही, तर निम्मं-निम्मं."

"निम्मं," इस्साट लगेच म्हणाला. "बरोबर आहे. लिही."

तो इतक्या तत्परतेने म्हणाला की राउनाचा पेला ओठांशीच थांबला.

ते कर्ज काढले तो हिवाळा तिला आठवत होता. ऐन जानेवारीत पाऊस पडला, मग थंडी परतली, आणि बर्फाखालच्या चाऱ्यावर जणू काचेचे कुलूप बसले. खुरांनी खणून जनावरे रक्तबंबाळ झाली. बँकेचे कर्ज काढून दक्षिणेकडून चारा मागवावा लागला, आणि चाऱ्याचे ट्रक खालच्या दरीपर्यंतच येऊ शकत होते. तेव्हा इस्साटने कळपाचे दोन भाग केले. तिच्या माद्या गाभण आणि जड झाल्या आहेत, असे म्हणून त्याने त्या दरीत ठेवल्या, आणि आपली जनावरे घेऊन तो वरच्या उतारावर गेला. "वर वाऱ्यानं बर्फ उडालेलं असेल," तो म्हणाला होता. वाऱ्याने बर्फ उडवलेले नव्हते. तो कुऱ्हाडीने बर्फ फोडत राहिला. वसंतात तो खाली उतरला तेव्हा त्याच्या मागून येणाऱ्या खुरांचा तो विरळ आवाज ऐकूनच तिला सर्व समजले. त्यावर ती काही बोलली नाही, तोही नाही.

आता अर्धे कर्ज त्याच्या माथी आले, तर ते फेडण्यासाठी त्याला माद्याच विकाव्या लागणार होत्या. माद्या गेल्या की पाडसे नाहीत, आणि पाडसे नसली की दोन हिवाळ्यांत इस्साट म्हणजे जनावरे धरण्याचा फास खुंटीवर टांगून खिडकीशी बसलेला मनुष्य. हे राउनाला दिसत होते. परंतु 'तुला झेपणार नाही' हे शब्द त्याच्या आईसमोर, वकिलासमोर उच्चारणे म्हणजे त्याचा आकडाच उघड करणे होते. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याची मान खाली. त्या मानेला खाली वाकवून तिला माहेरी जायचे नव्हते.

"निम्मं मला मान्य नाही," ती म्हणाली.

इस्साटच्या भुवया आक्रसल्या. "मग? कमी पाहिजे?"

"जास्त."

"डोक्यात बर्फ शिरलाय का तुझ्या?"

"माझ्या माद्या गाभण होत्या. एकेकीनं दोन-दोन जिवांचं खाल्लं. ट्रक आले ते माझ्या दरीत, चारा पसरला तो माझ्या जनावरांपुढं. तुझ्या उतारावर त्यातला किती चढला?"

"दोन घसरगाड्या भरून नेल्या होत्या मी."

"त्यातली एक नाल्यात उलटली. तुझ्या शिव्या मला खालपर्यंत ऐकू आल्या."

"मलाही आल्या," सुन्ना म्हणाली. "मी गावात होते तरी."

सीरेने हसू दाबण्यासाठी पेल्यात तोंड घातले. इस्साट मात्र हसला नाही. तो पत्नीकडे रोखून पाहत होता. तिच्या बोलण्यात कीव कोठे दडली आहे हे शोधत होता. राउना ते जाणून होती. म्हणून तिने आवाज चढवला.

"माझ्या जनावरांनी खाल्लेलं तू का फेडायचंस? मी काय तुझी मिंधी होऊन राहू? उद्या माहेरच्या कुरणात पाय ठेवला की भावजय म्हणेल, आली बघा नवऱ्याच्या पैशावर पोसलेल्या माद्या घेऊन. तिची जीभ तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तो नकळत म्हणाला.

"मग? जिच्या तोंडात चारा गेला तिच्या मालकिणीनं फेडावा. यात चूक काय, ते सांग."

इस्साटने चुलीत एक फांदी सरकवली. त्याला चूक सापडेना, कारण चूक नव्हतीच. जे ती बोलली ते अक्षरशः खरे होते. जे बोलली नाही तेही तितकेच खरे होते, आणि त्या न बोललेल्याचाच भार त्याच्या खांद्यांवर जाणवत होता. कुऱ्हाड घेऊन तो ज्या उतारावर गेला होता, तेथे तो कोणासाठी गेला होता हे ती विसरली नव्हती. त्याला आजवर वाटत होते की कोणाच्या ते लक्षातच आले नाही.

"उतारावर जायचं माझं मीच ठरवलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"मी कुठं म्हणते, मी पाठवलं? मी चाऱ्याबद्दल बोलतेय."

"राउना…"

"काय?"

तेव्हा सुन्नाने त्याचा पेला उचलला, त्यात कॉफी ओतली आणि जरा आपटूनच त्याच्यासमोर ठेवला. "बायकोनं वाढलेलं ताट ढकलू नये," ती म्हणाली. "मग ते सोडचिठ्ठीचं का असेना. तुझा बाप असता तर आतापर्यंत हो म्हणून दुसरा पेला मागितला असता."

इस्साटने कॉफी संपवली. मग त्याने पेला उलटा केला आणि होकारार्थी मान हलवली.

"किती वाटे?" सीरेने विचारले.

"तीन," राउना म्हणाली. "दोन माझे, एक त्याचा."

"बँकेपुढं दोघंही बांधलेलेच राहाल, हे सांगून ठेवते. पण आपापसांत हे धरलं जाईल. मावशी, कारण काय लिहू?"

"लिही, माद्या गाभण होत्या."

"एवढंच?"

"एवढंच. कायद्याला पाडसं होत नाहीत, म्हणून त्याला समजायला जरा वेळ लागेल."

आता इस्साटही हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, तिने फार दिवसांत पाहिले नव्हते असा. "माझी एक अट आहे," तो म्हणाला. "तुझ्या माद्या नदीशी बिचकतात. दरवर्षी बिचकतात. माझा खच्ची केलेला पांढरा नर पुढं चालेल, आणि त्याची दोरी माझ्या हातात असेल. पलीकडच्या काठापर्यंत."

"भाडं?"

"वाटेतली कॉफी तुझी."

"महाग आहेस. पण चालेल."

दुपारी कळप कुंपणात आणला गेला. जनावरे मधल्या वर्तुळात गोल फिरू लागली. त्यांच्या पायांच्या सांध्यांची टिकटिक आणि श्वासांची वाफ यांनी सारे कुंपण भरून गेले. फास उडत होते, कान चाचपले जात होते. दुहेरी खाच डाव्या फाटकातून, इस्साटची खूण उजव्यातून. सीरे फळीवर उभी होती. तिचे ओठ नकळत मोजल्यासारखे हलू लागले, तोच सुन्नाने तिच्या तोंडात चीजचा मोठा तुकडा कोंबला. "रिकामं तोंड वाईट," म्हातारी म्हणाली. "नको ते पुटपुटायला लागतं."

उजेड पिवळा होत गेला आणि मधले वर्तुळ रिकामे झाले. रीत अशी, की निघण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याच्या कुंपणात शिरून आपले एखादे जनावर राहिले आहे का ते पाहावे; खुणा जवळून तपासाव्यात. राउना उजव्या फाटकापर्यंत गेली. आत पाहिले असते तर त्याची किती उरली आहेत ते एका नजरेत कळले असते. तिने अडसरावर हात ठेवला, आणि तो तसाच काढून घेतला.

"तूच बघ," ती इस्साटला म्हणाली. "माझं कोणी राहिलंय का."

"स्वतः बघत नाहीस?"

"माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही."

तिची नजर पलीकडच्या डोंगरावरचा कोल्हा हेरीत असे, हे दोघांनाही ठाऊक होते. इस्साट आत गेला. त्याने सावकाश, एकही कान न वगळता पाहिले, जणू ती शेजारीच उभी आहे. मग तो बाहेर आला आणि त्याने अडसर लावला.

"राहिलं नाही कोणी."

"बरं झालं," ती म्हणाली. तिने सासूला मिठी मारली, कुत्र्याला शीळ घातली, आणि आपल्या माद्यांच्या बाजूने, प्रसन्न मनाने, नदीची वाट धरली. चालता चालता तिचा वेग वाढला. मागून पांढऱ्या नराची दोरी ओढत, धापा टाकत इस्साट येत होता.

"अगं थांब! पुढं मी चालायचं ठरलंय ना!"

"मग चाल की," ती न वळता म्हणाली. "कोणी अडवलंय?"