खोली नंबर तीनचा फोन लागत नाही

मी फायरवॉल बोलतोय, दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या झाडू-बादल्यांच्या कपाटातून. नाव भारदस्त आहे, पण मान वर करून सांगावं असं माझ्याकडे आज काही नाही. मला मान नाहीच म्हणा. एक चपटा काळा डबा, पुढे दिव्यांची ओळ, मागे वायरींचा गुंता आणि पोटात दिवसभर गरगरणारा पंखा, एवढाच माझा अवतार.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकणाऱ्या भावंडांच्या रांगेत मी होतो, मग खोक्यात बसून इथे आलो. तेव्हा काय थाट होता माझा! मोठे डॉक्टर स्वतः बघायला आले. "आता बाहेरचं कुणी आपल्या संगणकांत घुसणार नाही," असं त्यांना सांगितलं गेलं आणि मी मनातल्या मनात फुगलो. दुसऱ्याच दिवशी मला या कपाटात बसवलं, शेजारी फिनेलची बाटली ठेवली आणि सगळे मला विसरून गेले. त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्यासारख्यांची आठवण निघाली की समजावं, काहीतरी बिघडलंय.

हा दवाखाना तापा-खोकल्याचा नाही. झटका येऊन हात-पाय, वाचा गेलेली माणसं इथे महिनोन्महिने राहतात आणि लहान मुलासारखी सगळं पुन्हा शिकतात.

चोरांना अडवणं हे माझं मिरवायचं काम. रोजचं काम मात्र अगदी कारकुनी आहे. दवाखान्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आतला, घरगुती पत्ता असतो, 'खोली नंबर तीन' म्हणावं तसा. आता खोली नंबर तीन कुठल्या इमारतीत नसते? बाहेरच्या जगाला नुसतं तेवढंच सांगून उत्तर मागितलं, तर उत्तर येणार कुठे? म्हणून आतून कुणी बाहेरचं काही मागितलं की मी तो घरगुती पत्ता काढतो, त्या जागी आख्ख्या दवाखान्याचा खरा पत्ता लावतो आणि कुणी मागितलं ते लक्षात ठेवतो. उत्तर आलं की ज्याचं त्याला. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं आणि कुणाला कळतही नाही.

मला हे शिकवलं वायरदादाने. दवाखान्याची सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला सिस्टर लोकांनी ठेवलेलं हे नाव. माणूस हुशार, बोलायला गोड, फक्त एका वेळी तीन कामं अंगावर घ्यायची खोड.

यंदा वरचा नवा मजला सुरू झाला. तिथे प्रत्येक पलंगाशी स्टँडवर एक टॅबलेट लावला, त्यावर बोटांच्या व्यायामाचे खेळ. ते खेळ समोरच्या इमारतीतल्या, दवाखान्याच्याच मोठ्या संगणकावर असतात. कुठल्या खोलीतलं माणूस किती खेळलं हे त्या संगणकाला कळायला हवं, म्हणून तिथे जाताना पत्ता बदलून चालत नाही. वायरदादाने तसा नियम मला लिहून दिला: वरच्या मजल्याचा पत्ता बदलू नकोस. कुठे जाताना, या रकान्यात फक्त समोरच्या इमारतीचा संगणक लिहायचा होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एक्स-रेचं मशीन अडलं होतं. फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने त्या रकान्यात मुळातच असलेलं 'कुठेही' तसंच राहू दिलं, खाली त्याच मजल्यासाठी दुसरा नियम लिहिला की बाहेर जाताना पत्ता बदल, आणि पळाला.

मी नियम वरून खाली वाचतो. पहिला लागू पडला की पुढचा वाचत नाही, आमची घडणच तशी. त्यामुळे वरच्या मजल्यावरून काहीही आलं की पहिलाच नियम लागू: कुठेही जाताना पत्ता बदलायचा नाही. मी बदलला नाही. खेळ झकास चालले. बाहेर जाणारी हाक मात्र 'मी खोली नंबर तीन' एवढंच सांगत रस्त्यावर गेली आणि हरवली.

वरच्या मजल्यावरच्या त्या तीन नंबरच्या खोलीत मास्तर आले होते. मास्तर म्हणजे शिंपी. झटक्यात उजवा हात लुळा पडलेला आणि शब्द कुठेतरी आत अडकलेले. बाकीचे पेशंट आपापल्या मोबाइलवर बोलत, त्यांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. मास्तरांचा छोटा बटणांचा फोन त्यांच्या डाव्या हातात ठरत नसे, आणि नुसता आवाज ऐकून त्यांना शब्द सापडत नसत. समोर चेहरा दिसला तर सापडतील, असं बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं. मास्तरांची बायको दूर गावी दुकान सांभाळत होती. तेव्हा टॅबलेटवरून तिला व्हिडिओ कॉल करायचा, आणि तोही उजव्या हाताच्या बोटाने, म्हणजे व्यायामही होईल, असा बेत ठरला. मास्तरांनी एक वाक्य घोटून घोटून तयार केलं: "दुकान उघडलंस का?"

हे मला कसं कळलं म्हणाल तर सांगतो. टॅबलेटवरचं बोलणं कुलूपबंद जातं-येतं, त्यातलं अवाक्षर मला कळत नाही. पण चहाचं मशीन माझ्या कपाटासमोरच आहे आणि सिस्टर लोकांच्या तोंडाला कुलूप नाही.

मास्तरांनी बोट उचललं, थरथरत हिरव्या बटणावर ठेवलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला.

"काका, नीट बसलं नाही बोट. पुन्हा दाबा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा दाबलं. घाम फुटेस्तोवर दाबलं. शेवटी सिस्टरने वायरदादाला फोन केला. त्याने आपल्या खालच्या ऑफिसात, आपल्या लॅपटॉपवर बघितलं. "माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणाला. चालणारच, ते नियम वरच्या मजल्यापुरते होते. मग त्याने माझ्या नोंदी उघडल्या. खोली नंबर तीनच्या प्रत्येक ओळीपुढे मी हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: जाऊ दिले, जाऊ दिले, जाऊ दिले.

"फायरवॉल सोडतोय हो सगळं. काकांचं बोट थरथरतं ना, दोनदा दाबलं जात असेल," त्याने सांगून टाकलं.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं. सोडलं होतंच मी. पण कुठल्या पत्त्यानिशी सोडलं, ते त्या ओळीत मी लिहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. चूक नियमात, नियम माझ्या पोटात, आणि दोष गेला एका आजारी बोटाला. मला तेव्हापासून जी लाज वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही.

कारण मास्तरांनी तो दोष मुकाट्याने घेतला. झटका आल्यापासून त्यांच्या आसपास काहीही सांडलं, पडलं, अडलं की ते आधी आपल्या हाताकडे बघत. आता त्यांनी तो हात पांघरुणाखाली घातला आणि व्यायामालाही बाहेर काढेनात. मला ते असं कळलं की खोली नंबर तीनकडून समोरच्या इमारतीला जाणारी खेळाची वर्दळ थांबली. शेजारच्या खोल्यांचं येणं-जाणं चालू, आणि तिथून काहीच नाही.

बायकोने वॉर्डच्या फोनवर चौकशी केली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अजून बटण दाबायला जमत नाही हो त्यांना."

"राहू दे मग," ती म्हणाली. "उगाच लाजवू नका त्यांना. मी नाही वाट बघणार फोनची."

बोलायला शिकवणाऱ्या बाई चहाच्या मशीनपाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "हात असाच पडून राहिला तर असाच राहील," त्या सिस्टरना म्हणाल्या. "आणि बोलणंही तिथेच थांबेल. त्या वायरदादाला वर पाठवा, निदान काकांना दाबायला तरी शिकवू दे."

वायरदादा शिकवायला गेला. पलंगापाशी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "काका, दाखवा बरं, कसं दाबता?" मास्तरांनी पांघरुणातून हात काढला नाही. "बरं, मी दाखवतो. हे असं, अलगद," म्हणत त्याने स्वतःच हिरवं बटण दाबलं.

गोल फिरत राहिला. वायरदादाने पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने, मग डाव्या हाताने. धडधाकट माणसाची सगळी बोटं वापरून झाली. मास्तर त्याच्या बोटांकडे एकटक बघत होते.

तो खाली आला, कपाट उघडलं, बादली बाजूला केली आणि लॅपटॉपची वायर माझ्यात खुपसली. वायरी तपासल्या, ठीक. रस्ता तपासला, ठीक. माझ्या नोंदी पुन्हा बघितल्या, तेच हिरवं 'जाऊ दिले'. मग त्याने आधीच करायला हवं होतं ते केलं: माझ्या बाहेरच्या तोंडाशी पाळत ठेवली आणि बाहेर पडणाऱ्या हाका एकेक पाहिल्या. खोली नंबर तीनची हाक घरगुती पत्ता तसाच अंगावर घेऊन चालली होती. त्याने नियम उघडले. दुसऱ्या नियमापुढे, तो किती वेळा वापरला गेला त्या जागी, शून्य होतं. नजर एक ओळ वर गेली आणि 'कुठेही'वर थांबली.

"मीच की," तो हळूच म्हणाला.

त्याने रकाना भरला, जुन्या अडकलेल्या हाका पुसून टाकल्या आणि वर गेला. मास्तरांचा हात बाईंनी महत्प्रयासाने बाहेर काढायला लावला. बोट थरथरत बटणावर बसलं. या वेळी मी पत्ता बदलला. खोली नंबर तीनचं उत्तर आलं आणि ज्याचं त्याला पोचलं.

पडद्यावर बायको आली. दुकानातच होती. मास्तर घोटलेलं वाक्य विसरले. तिच्याकडे बघत बघत म्हणाले, "बाही... उसवलीय."

तिने दंडाकडे बघितलं. शिवण खरंच उसवली होती. "शिवणारं माणूस तिकडे जाऊन बसलंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिने तीच बाही डोळ्यांना लावली.

कॉल संपल्यावर बाई म्हणाल्या, "बघा, जमलं की नाही बोटाला!" सिस्टरनेही मान डोलावली. वायरदादा भिंतीला टेकून गप्प होता. गप्प राहणं सोपं होतं, सगळे खूश होते. मी खाली, त्याच्याइतकाच गप्प. मला तर तोंडच नाही, तरी ते गप्प राहणं मला आजही खुपतं.

मास्तरांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, उलटसुलट करून पाहिलं. मग वायरदादाकडे वळून एकेक शब्द शोधत म्हणाले, "बोट... तेव्हाचंच... आहे."

वायरदादा पुढे येऊन स्टुलावर बसला. "हो मास्तर," तो म्हणाला. "बोटाचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. खाली एक डबा आहे, त्यात मी अर्धवट लिहून ठेवलं होतं. आणि वर न येताच तुमचं नाव सांगितलं."

"डबा... दाखव," मास्तर म्हणाले.

त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. कपाट उघडलं. माझे सगळे दिवे त्यांच्यासमोर उघडे पडले आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. मास्तरांनी हात पुढे केला, उजवाच. ते बोट थरथरत आलं आणि माझ्या पाठीवर टेकलं, कपाळावर हात ठेवून बघतात तसं.

"ताप... आहे... याला," ते म्हणाले.

वायरदादा हसला. "ते नेहमीच गरम असतं, मास्तर."

मास्तर आता आपल्या घरी आहेत. मशीनवर बसतात, शिवण अजून थोडी वाकडी जाते, असं चहाच्या मशीनपाशी ऐकलं. माझे दिवसही भरत आले आहेत, नवा डबा यायचा आहे. तुमच्यापैकी कुणी त्या दुकानात कपडे शिवायला टाकले, तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, तो ताप नेहमीचा नव्हता.