गृहपाठातलं पाचवं नाव

फळ्यावर 'तू' लिहून झालं होतं, 'तुम्ही' लिहिता लिहिता सुशीलाच्या हातातला खडू मोडला. दारात केशवराव उभे होते. पायात जोडे तसेच, हातात नातीची वही. तिसरीतली सगळी पोरं जमिनीवर अंथरलेल्या टाटपट्टीवरून धडपडत उठली आणि एका सुरात "नमस्तेऽऽ" म्हणाली. केशवरावांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय शिकवून राहिली वं तू पोराईले?"

"सर्वनामं, काकाजी. नावाऐवजी जे शब्द..."

"ते नको सांगू मले. हे काय हाय?"

वही टेबलावर आदळली. ती उघडायची सुशीलाला गरज नव्हती. काल तिनेच गृहपाठ दिला होता. लहानाला तू, मोठ्याला तुम्ही. पाच मोठ्या माणसांशी बोला आणि बोललेलं लिहून आणा. केशवरावांची नात, याच वर्गातली स्मिता, भारी इमानदार पोरगी. तिने आजोबा लिहिले, आजी लिहिली, सरपंच आणि पोस्टमन लिहिले, आणि पाचव्या ओळीत लिहिलं, 'मोतीरामजी, तुम्ही जेवले का?'

मोतीराम म्हणजे केशवरावांच्या संत्र्याच्या बागेतला सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आणि सुशीलाचा बाप. गडी साठीला का टेकेना, त्याला मालकाच्या घरचं शेंबडं पोरही 'तू' म्हणतं. रामाकोन्यापासून सौसरपर्यंत कोणत्याही गावात जा, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

"नागपूरचा व्यापारी बसला होता बागेत," केशवराव म्हणाले. "त्याच्यासमोर माही नात गड्याले जी म्हने, तुम्ही म्हने! तोडनाऱ्या बाया तोंडाले पदर लावून हासून राहिल्या. माही इज्जत काय राह्यली? बापाले मोठेपना द्यासाठी ठेवलं काय सरकारनं तुले?"

"मी कोनाचं नाव नाही सांगतलं, काकाजी."

हे खरं होतं, आणि तेच तिला आता टोचत होतं. पाच मोठी माणसं म्हणताना तिला स्वतःलाही बाप आठवला नव्हता. आठवला तो आठ वर्षांच्या पोरीला.

केशवरावांनी मागे वळून हाक दिली. "मोतीराम! इकडे ये."

कडुनिंबाखाली उभा असलेला मोतीराम चपला काढून आला आणि उंबरठ्याबाहेरच थांबला. त्याला सोबत आणलंय हे सुशीलाला आत्ता कळलं.

"पाडवा आठ दिवसावर हाय," केशवराव आवाज खाली आणून सुशीलाला म्हणाले. ओरडत होते तेच बरं होतं. "नव्या सालाले गडी ठेवनं, न ठेवनं माह्या मर्जीवर. आता माह्या नातीले माह्यासमोर सांग, गड्याले तूच म्हनाव. येवढंच. मंग मी चाललो."

बावीस वर्षं त्या एका बागेत गेलेली. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे धरलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवणार? मास्तरणीचा पगार घ्यायला तर मोतीराम तयार नव्हता; हातपाय चालतात तोवर पोरीचं खाणार नाही, हा त्याचा हट्ट.

"सुशे," बाप दारातून म्हणाला, "सांगून दे वं. तू म्हनल्यानं काय माह्या अंगाले भोकं पडतेत?"

एरवी 'बाई, पाणी' म्हणून दर घटकेला उठणारी पोरंसुद्धा जागची हलेनात. सुशीलाने खडूचा तुकडा टेबलावर ठेवला.

"स्मिता, पुढे ये. वही घे. आजोबा सांगतात ते लिही. गड्याला तू."

स्मिताने उभ्याउभ्याच लिहिलं.

"हां, असं," केशवराव म्हणाले आणि वळले.

"अजून एक लिही." सुशीला म्हणाली. "दारात उभे आहेत ते बाईंचे वडील आहेत. बाईंच्या वडिलांना काय म्हणायचं?"

केशवराव जागीच थांबले. स्मिताने आजोबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. पेन्सिल तोंडात धरली. लिहिलं मात्र काही नाही. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "मोतीरामजी, तुम्ही आत या ना. ऊन हाय तिथं."

केशवरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. बाहेर पडता पडता एवढंच म्हणाले, "पाडव्याले कामासाठी दुसरं घर पाह्य, मोतीराम."

जोड्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला. सवयीने मोतीरामही मागे वळला, दोन पावलं गेला. मालक चालले की दोन हात मागे चालायचं, बावीस वर्षांची चाल होती ती. मग कडुनिंबापाशी थांबला, फाटकाकडे पाहत राहिला, आणि परत आला. या खेपेला उंबरठा ओलांडून आत आला. सुशीलाने खुर्ची पुढे केली. ती सोडून तो टाटपट्टीच्या टोकाला, पोरांच्या ओळीत बसला.

सुशीलाचे डोळे भरून आले. "बाबा, माह्यापायी साल गेलं."

"गेलं तं गेलं. आता मले कोनती घाई हाय?" त्याने दुखरा गुडघा हाताने दुमडून घेतला आणि फळ्याकडे पाहिलं. "शिकवा तुम्ही, बाई."