सरावाचा शिक्का

कागदाच्या मागून अंगठा फिरवला आणि साक्षीदारकाकांनी कागद उजेडाकडे वळवला. कागद खरखरीत लागत होता. पेन दाबून लिहिणाऱ्या माणसाच्या अक्षरांचे उंचवटे मागे उमटले होते. म्हणजे हा मूळ कागद. आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनीच मारलेला जांभळा शिक्का ठसठशीत उमटला होता: ‘सरावासाठी. खरे नाही.’

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. सुनावणी साडेअकराची, घरभाड्याच्या तंट्यांच्या कचेरीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मॅडम मुलांना घेऊन दहालाच निघून गेल्या होत्या. कागदांची पिशवी काकांनीच त्यांच्या हातात दिली होती, वर ‘मूळ कागद जपून हं’ असंही बजावलं होतं. पिशवीत गेली होती ती नक्कल.

काका कॉलेजच्या न्याय विभागात शिपाई. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक लांब टेबल आणि एक मॅडम. न्याय पुस्तकातून शिकता येत नाही, असं मॅडमचं ठाम मत होतं. “ज्याचं जळतं त्याला कळतं,” त्या पहिल्याच तासाला सांगत, “तर निदान त्याच्या शेजारी उभे राहा. थोडी धग लागू दे.” म्हणून दर गुरुवारी विभागाचं दार आसपासच्या लोकांसाठी उघडं असे. कुणाला घराबाहेर काढलेलं, कुणाचं पेन्शन अडलेलं. मुलं त्यांचं ऐकून घेत, कागद लावत, नकला काढून वर्गात सुनावणीचा सराव करत आणि मग खऱ्या सुनावणीला त्या माणसाबरोबर उभी राहत. सरावाचा कागद चुकून कधी खऱ्या कचेरीत जाऊ नये म्हणून तो शिक्का. एकोणीस वर्षं तो काकांच्याच हातात होता.

आणि वर्गातल्या सुनावणीत साक्षीदार लागे, तो काका. झिंगलेला रखवालदार, ऐकू न येणारा शेजारी, लाच खाल्लेला दलाल, काय म्हणाल ते. मॅडम कागदावर लिहून देत आणि काका बेमालूम खोटं बोलत. वेळ पडली तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणत. नाव त्यावरूनच पडलं. घरी बायको म्हणे, “भाजीत मीठ जास्त झालं की कमी, विचारलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. आणि तिकडे म्हणे साक्षी देता!”

कागद शिवणवाल्या मावशींचा होता. एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या मागच्या खोलीत त्या शिवणयंत्र घेऊन राहत. अकरा वर्षं त्यांनी तिचं दुखणंखुपणं काढलं. जाण्याआधी म्हातारीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: ही बाई जिवंत आहे तोवर मागच्या खोलीत राहील, तिला कुणी उठवू नये. आता घर पुतण्याच्या नावावर झालं होतं आणि पुतण्याला खोली रिकामी हवी होती. मावशींच्या बाजूने त्या एका कागदाशिवाय काही नव्हतं.

घोळ नकला काढायच्या यंत्राने केला, असं म्हणायची सोय होती. जुनं यंत्र काळ्या नकला काढायचं. निळी शाई दिसली की मूळ कागद, हे काकांच्या डोळ्यांना बसलं होतं. महिन्यापूर्वी रंगीत यंत्र आलं आणि नक्कलही निळी निघायला लागली. परवा एक नक्कल काढून दोन्ही कागद टेबलावर ठेवले, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून आले आणि हाताला येईल त्या कागदावर शिक्का मारला. पण यंत्राला काय बोल लावायचा? मागून बोट फिरवून पाहायला हवं होतं. ते आज फिरवलं, उरलेले कागद कपाटात ठेवताना.

मॅडमना फोन लावला. बंद. सुनावणीच्या जागी तो बंदच ठेवावा लागतो.

काका स्टुलावर बसले. एक विचार मनात आला, तो लपवण्यात अर्थ नाही. हा कागद फाडून टाकला तर? कुणाला पत्ता लागणार? मावशींनी आणून दिली तीच नक्कल होती, असं सगळे म्हणतील. नोकरीचे आठ महिने उरलेत. कॉलेजातल्या वरच्या लोकांना हा विभाग तसाही डोळ्यांत खुपतो, त्यांनाही बोलायला निमित्त मिळणार नाही. सगळं मावशींवर जाईल. खोलीही त्यांचीच जाईल, आणि वर लबाड ठरतील त्या वेगळंच. गुरुवारी कागद देताना मावशींनी तो दोन्ही हातांनी पुढे केला होता, आणि काकांनी घेतल्यावरही क्षणभर सोडला नव्हता.

काका उठले. कागद पुठ्ठ्यात घातला. शिक्का का कोण जाणे, खिशात टाकला. दाराला कुलूप लावलं.

बस प्रत्येक थांब्यावर थांबली. पुठ्ठा छातीशी धरून काका दाराशीच उभे होते. “बसा की हो, जागा आहे,” कंडक्टर म्हणाला. बसायला जमेना. एका चौकात बस सात मिनिटं अडकली तेव्हा ते उतरले आणि साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांनी चक्क पळायला लागले. वाटेत कोटाचं बटण तुटून गेलं, तेही त्यांना कळलं नाही.

ते पोचले तेव्हा व्हायचं ते सुरू झालं होतं. पुतण्याचे वकील कागद उजेडात धरून उभे होते. “साहेब, ही रंगीत नक्कल आहे. मूळ कागद कुठाय? की तो नव्हताच कधी?”

“तोच आहे हो!” मावशींचा आवाज चिरकला. “मी माझ्या हातांनी दिलाय. म्हातारीच्या उशाशी बसून लिहून घेतलाय!”

त्यांच्या शेजारी चष्मेवाली उभी होती. वर्गातली सगळ्यात अभ्यासू मुलगी, पण तोंड उघडायची वेळ आली की गडबडून जायची. गेल्याच गुरुवारी काकांनी खोटी साक्ष देऊन तिला तीनदा घोळात घेतलं होतं. आता ती मॅडमकडे बघत होती, आणि मॅडम वकिलांच्या हातातल्या कागदाकडे.

“साहेब,” काका दारातूनच म्हणाले, “मूळ कागद माझ्याकडे आहे.”

कागद सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर गेला. वकिलांनी वाकून शिक्का वाचला आणि मोठ्याने हसले. “वा! सरावासाठी. खरे नाही. साहेब, कागद स्वतःच सांगतोय, आता मी काय बोलू? कॉलेजात बसून पत्र तयार केलं यांनी!”

मावशी मटकन बाकावर बसल्या.

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारलं. “जे सांगायचं ते शपथेवर सांगा.”

शपथ काकांना तोंडपाठ होती. वर्गात ती शंभर वेळा ठणकावून घेतलेली. आज ‘खरं सांगेन’पर्यंत आले आणि पुढचं आठवेना. कारकुनाने शब्द सांगितले, ते त्यांनी मागोमाग म्हटले.

मॅडमनी चष्मेवालीच्या पाठीवर हात ठेवला. “विचार,” त्या हळूच म्हणाल्या.

मुलगी पुढे आली. हातातला सरावाचा कागद तिने पाहिला. त्यातला एकही प्रश्न आज उपयोगाचा नव्हता. तिने तो घडी करून खिशात ठेवला. “साक्षीदारकाका, हा शिक्का कुणी मारला?”

“मी.”

“का मारला?”

“नक्कल समजून. चूक झाली माझी. मागून बोट फिरवलं नाही मी.”

मग वकील उठले. “कॉलेजात तुम्हाला साक्षीदार म्हणतात ना?”

“हो.”

“का बरं?”

“मुलांच्या सरावाला साक्ष देतो म्हणून.”

“किती दिल्या असतील आजवर?”

“वर्षाला पाच-सहा. एकोणीस वर्षं झाली.”

“खऱ्या किती त्यातल्या?”

“एकही नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. “म्हणजे खोटं बोलायची सवय आहे तुम्हाला,” वकील म्हणाले.

“सवय नाही साहेब, नोकरी आहे.”

“मग आजचं खरं कशावरून मानायचं?” हे साहेबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. काकांनी बाहीने कपाळ पुसलं.

“ते मला नाही सांगता यायचं,” ते म्हणाले. “तिकडे मॅडम मला काय बोलायचं ते लिहून देतात. हे कुणी लिहून दिलेलं नाही.” मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “साहेब, तुम्ही मागून बोट फिरवा ना. दोन्ही कागदांच्या.”

साहेबांनी बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा, सावकाश. काकांनी खिशातला शिक्का काढून टेबलावर ठेवला. “याचा ‘व’ फुटलाय तीन वर्षांपूर्वी. ताडून बघा.” साहेबांनी कोऱ्या कागदावर शिक्का मारून पाहिला. ‘व’ फुटकाच उमटला.

निकाल मोठा काही लागला नाही. कागद म्हातारीच्या अक्षराशी ताडून पाहायला पाठवायचा, आणि तोवर खोलीला कुणी हात लावायचा नाही. काकांचा जबाब टाइप झाला, त्याखाली त्यांनी सही केली. जबाबाची प्रत कॉलेजला जाणार होती.

बाहेरच्या बाकावर मावशींनी काकांचा कोट ओढून घेतला. “बटण कुठे टाकलंत?” त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला आणि एक जुनं तपकिरी बटणही. बाकावर बसूनच त्यांनी ते टाचून दिलं. “रात्रभर झोप नव्हती मला,” दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या. “आता अक्षर जुळेपर्यंत परत तेच.” त्या आभार मानत नव्हत्या, हेच काकांना बरं वाटलं.

कॉलेजचं पत्र आठवड्याने आलं. निष्काळजीपणाबद्दल उरलेले महिने सामानाच्या कोठारात काम करायचं होतं. “मी भांडून आले,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. “ऐकत नाहीत.”

“राहू द्या मॅडम. चूक माझीच होती.”

विभागातल्या शेवटच्या गुरुवारी मॅडमनी एक कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. सुनावणीतला त्यांचाच जबाब. “यावर एक तास घ्यायचाय मला. चालेल तुम्हाला?”

काकांनी मान हलवली. वर्गात वाटायच्या कागदावर नाव ठेवायचं नाही, या रीतीप्रमाणे काळ्या पेनने स्वतःचं नाव खोडलं आणि पंधरा नकला काढल्या. सवयीने शिक्का शाईवर दाबला, पहिल्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर धरला, आणि तो हात तसाच राहिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “यावर नको.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. काकांनी शिक्का पुसून, कपाटाच्या किल्लीसह, त्यांच्या हातात दिला. मग पंधरा कोऱ्या कोपऱ्यांचे कागद टेबलावर ठोकून सारखे केले आणि वर्गात वाटायला गेले.